केवड्याची बीअर

गौरीने बाटलीच्या तोंडावर ओला फडका दाबला आणि तारेची क्लिप अंगठ्याने वर ढकलली. झाकण टप्पकन सुटलं. फडक्याखाली फेस फुगून आला, थोडा घुटमळला आणि बसला. तिने ग्लास तिरपा धरून कडेने धार सोडली. रंग मनासारखा आला होता, मधासारखा, किंचित गढूळ.

बाहेरच्या खोलीतून श्रीकांतचा आवाज आला.

"ही आंब्याची. इथल्याच, जिझानच्या आंब्यांची. मी मुद्दाम पाडाचे घेतो. पिकलेले घातले की नुसतं सरबत होतं."

मी घेतो! मार्चमधल्या उन्हात ती पेट्या उघडून, एकेक आंबा नाकाशी धरून निवडत होती, तेव्हा हा गाडीत एसी लावून बसला होता. वर ‘यल्ला, चल ना आता’ म्हणून हॉर्न वाजवत होता. गौरीने रिकामी बाटली ओट्यावर जरा जोरातच ठेवली.

लग्नाआधी पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत ती बीअर बनवत असे. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, बार्शीची मुलगी. घरी आईने सहा महिने अबोला धरला, तरी तिने ते काम सोडलं नव्हतं. मग श्रीकांतला इथे सौदीत, रिफायनरीत नोकरी लागली आणि तीही मागून आली. तिच्या इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, तिचा कफील म्हणजे तिची हमी घेणारा म्हणून श्रीकांतचंच नाव होतं आणि काम करण्याची परवानगी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात इथल्या बाजारात तिला ज्वारी दिसली. इथली माणसंही ज्वारीची भाकरी खातात, हे कळल्यावर तिला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिने ज्वारीला मोड आणले, वाळवले, भाजले आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीत पहिली बीअर घातली.

तेव्हा श्रीकांत घाबरून पांढरा पडला होता. या देशात दारू म्हणजे तुरुंग आणि वर हकालपट्टी. पण महिन्याभराने त्याने ती चाखली, त्याच्या साहेबांना, बाळकृष्ण सहस्रबुद्ध्यांना, चाखवली, आणि तेव्हापासून ती श्रीकांतची बीअर झाली.

"तुझं नाव कशाला यायला हवं?" तो तिला म्हणाला होता. "मीच करतो म्हणून सांगतो. उद्या काही झालंच तर माझ्यावर येईल."

ते तिला खरं वाटलं होतं. माया वाटली होती त्यात.

ती ट्रे घेऊन बाहेर गेली. सोफ्यावर सहस्रबुद्धे, शेजारी त्यांची पत्नी शीलाताई, आणि समोर खुर्चीच्या टोकाला श्रीकांत. शुक्रवारची दुपार, पडदे ओढलेले. टेबलावर हिवाळ्यातल्या ज्वारीच्या बीअरचे ग्लास अर्धे झाले होते.

सहस्रबुद्ध्यांनी आंब्याचा घोट घेतला, तोंडात फिरवला, मग पुन्हा ज्वारीचा घेतला.

"ज्वारीचीच सरस. खमंग आहे, जराशी आंबूस, घोट संपला तरी जिभेवर रेंगाळते. आंबा तोंडावर गोड बोलतो आणि मागे काही ठेवत नाही. असं का होतं रे?"

गौरीला ठाऊक होतं असं का होतं. यंदा गर्मी लवकर आली, कोठी तापली आणि यीस्टने घाई केली. नेमकी हीच खोट तिला आठवडाभर सलत होती. ज्याला ती कळली त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून तिने तोंड उघडलं.

"आंबाच कमी पडला, सर," श्रीकांत म्हणाला. "पुढच्या वेळी दुप्पट घालतो."

दुप्पट! गौरी ट्रे घेऊन आत वळली. कानशिलं तापली होती. मागोमाग शीलाताई ग्लास विसळायला आत आल्या.

"तुझं बरं आहे बाई. नवऱ्याला घरातलाच छंद आहे. आमचे हे सुट्टी आली की गोल्फच्या मागे. तू घेत नाहीस ना पण?"

"चव बघते," गौरी म्हणाली.

"हो, बायकांनी तेवढंच बरं."

गौरीने फ्रीजचं दार उघडलं. मागे तिसऱ्या प्रकाराच्या बाटल्या होत्या. केवड्याच्या. इथल्या डोंगरातली माणसं सणावाराला डोक्यावर फुलापानांचे गजरे बांधतात, त्यासाठी बाजारात केवडा येतो. तो बीअरमध्ये धरणं फार अवघड. थोडा जास्त झाला की अत्तर, थोडा कमी की नुसतं पाणी. ही तिसरी खेप होती आणि अजून कुणीच चाखली नव्हती. तिने स्वतःसुद्धा नाही.

बेल वाजली.

बाहेर बोलणं तुटलं. श्रीकांतने दार अर्धवट उघडलं. वसाहतीच्या देखभालीचा सुपरवायझर हनीफ उभा होता आणि त्याच्या मागे सिक्युरिटीचा सौदी अधिकारी, गणवेशात.

"सर, पीछे की दीवार में पानी उतर रहा है," हनीफ म्हणाला. "आपकी कोठी का पाइप देखना है. मुस्तफासाहब भी साथ हैं."

श्रीकांतला नको म्हणता आलं नाही. मुस्तफा आत आला. टेबलावरचे ग्लास त्याने पाहिले, हवा हुंगली, पण थांबला नाही. हनीफबरोबर तो थेट कोठीत गेला. श्रीकांत त्यांच्या मागे, आणि गौरी श्रीकांतच्या मागे. कोठीत काचेची दोन मोठी भांडी पोत्याने झाकून ठेवलेली होती आणि त्यातून मंद बुडबुडे येत होते. हनीफने ते ऐकलं आणि मान खाली घालून पाइपच तपासत राहिला.

मुस्तफाने बोटाने पोतं वर उचललं.

"हे काय आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

 श्रीकांतने एकदा गौरीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती असं तिला वाटलं. ती एक पाऊल पुढे सरकली, व्हिनेगर आहे म्हणून सांगायला. तेवढ्यात तो बोलला.

"हिचं आहे. माझ्या बायकोचं. मी दिवसभर प्लांटवर असतो. घरात ही काय करते, मला काही माहीत नाही. हवं तर तिला विचारा."

एका दमात बोलला. इतकं सफाईदार, इतकं खरं तो या बीअरबद्दल आजवर कधीच बोलला नव्हता.

 गौरीचं सगळं अंग ताठ झालं. व्हिनेगर म्हणायचं होतं, ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "मीच बनवते."

मुस्तफाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस. मग त्याने श्रीकांतलाच विचारलं,

"हिचा कफील कोण?"

श्रीकांतने ओठ ओले केले. "मी."

"मग हे तुझं." मुस्तफाने पोतं सोडून दिलं. "संध्याकाळच्या नमाजानंतर मी परत येईन. तेव्हा इथे पाइप दुरुस्त झालेला असेल आणि बाकी काही नसेल. खलास."

ते गेले तोवर सहस्रबुद्धे चपला घालून तयार होते. शीलाताई पर्सचा बंद आवळत होत्या.

"थोडक्यात वाचलास," सहस्रबुद्धे म्हणाले. आणि दारातून हळूच, "भांडी काय, पुन्हा लावता येतील. तुझ्या हाताला चव आहे."

"हो सर," श्रीकांत म्हणाला.

दार लागल्यावर तो तिच्याकडे वळला.

"गौरी, अगं, माझी नोकरी गेली असती. तुला बाईमाणसाला त्यांनी काही केलं नसतं. मी तो विचार करूनच..."

"भांडी उचल," ती म्हणाली.

तो उचलायला लागला. आंब्याची गेली, ज्वारीची गेली. न्हाणीघरातून बदाबदा आवाज येत राहिला. गौरीने फ्रीजमधून केवड्याची एक बाटली काढली, ओट्याशी उभ्या उभ्या उघडली आणि एका ग्लासात ओतली. फेस पांढराशुभ्र, दाट. तिने घोट घेतला.

आधी धान्याचा गोडवा, मग स्वच्छ कडवटपणा, आणि तो सरतो न सरतो तोच मागून केवडा, अगदी पुसट, कुणी शेजारच्या खोलीतून चालत गेल्यासारखा. पुण्यातल्या इतक्या वर्षांत तिच्या हातून असं काही झालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

श्रीकांत बाह्या वर करून दारात उभा होता.

"ही नवी ना? कशी झालीय?"

"बिघडलीय."

ती पीत राहिली. सावकाश, तळापर्यंत. मग उरलेल्या बाटल्या तिने त्याच्यापुढे सरकवल्या. त्याने पहिली उघडून मोरीत उपडी केली आणि सगळ्या घरात केवडा दरवळला. त्याचा हात थबकला.

"वास तर फार छान येतोय गं."

"वासावर जाऊ नकोस," गौरी म्हणाली. "ओत."