धूर काढणारं इंजन

“गाडी आडवीच लाव, दिलदार. दार झाकलं पायजे,” बायडाबाई म्हणाली.

शेजारच्या मळ्यातल्या दिलदार मुल्लाणीनं कासरा ओढला आणि शाहूपुरीतल्या इंजनांच्या दुकानाच्या तोंडावर बैलगाडी आडवी उभी केली. गाडीत डिझेल इंजन होतं. त्याचा हिरवा रंग अजून उडालेला नव्हता. बायडाबाईनं खाली उतरून पदर खोचला आणि ती दुकानात शिरली.

“बाळासो कुटं हाय?”

कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, “फिरतीवर गेल्यात. उद्या या.”

त्या ‘उद्या’नं तिची कानशिलं तापली. शिमग्यापासून ती हेच ऐकत होती आणि आता वैशाख लागला होता. ती तशीच बाहेर आली. लिंबाखाली बाळासोची फटफटी उभी होती. तिनं फटफटीच्या इंजनाला हात लावला तर चटका बसला.

“फिरतीवर गेलाय व्हय?” ती रस्त्यावरूनच ओरडली. “मग ही फटफटी काय चालत आली? ये भाईर!”

नवरा गेल्यापासून मळा तीच बघत होती. मोट हाकायलाही शिकली होती. मग एक दिवस ह्या दुकानाची इंजनं खपवणारा बाळासो टेरिलीनचा शर्ट घालून तिच्या सोप्यात येऊन बसला. तांब्याभर ताक पिऊन म्हणाला, “मावशी, बैलं कशाला पोसतासा? इकून टाका. हँडल मारायचं की पाणी पाटात.” तिनं विचारलं होतं, “माझी हीर खोल हाय. ह्ये वडंल न्हवं पाणी?” तर हसत म्हणाला, “वडंल म्हंजे? हीर कोरडी पाडंल!” त्याच्या बोलण्यावर जाऊन तिनं मोटेची बैलजोडी वडगावच्या बाजारात विकली आणि इंजन घेतलं. इंजन सुरू होई, भकाभका धूर सोडी, पण पाणी पाइपात निम्म्यावर चढून माघारी जाई. तिच्या विहिरीला ते लहान पडत होतं, आणि विहीर डोळ्यांनी बघूनही बाळासोनं तेच गळ्यात मारलं होतं.

मागच्या गोदामातून बाळासो बाहेर आला. तोंडभर हसू होतं.

“मावशी! अवो, मी आज तुमच्याकडंच निगालतो बगा.”

“खोटं बोलू नगोस. इंजन पाणी वडत न्हाय.”

“इंजन बेस हाय. बाईमाणसाला हँडल जमत न्हाय, त्येला कंपनी काय करणार?”

दिलदारनं बैलं सोडून बाजूला बांधली. बाळासो गाडीत चढला, हँडल फिरवलं आणि इंजन पहिल्याच दमाला धडधडू लागलं. रस्त्यावर जमलेली माणसं हसली. “बघा!” बाळासोनं हात झटकले. “म्हातारीला उगंच घोर.”

बायडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इंजनाच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, “धूर काढायला घेतलं न्हाय मी! धूर माझ्या चुलीलाबी हाय. पाण्याचं बोल!”

बाळासोनं इंजन बंद केलं. आत बाकावर पन्हाळ्याकडचा एक शेतकरी, केरबा, चहा पीत होता. त्याचाही इंजनाचा सौदा ठरत आला होता. बायडाबाई त्याच्याकडं वळली.

“पावणं, तुमालाबी ह्येनंच सांगितलं न्हवं? हँडल मारायचं की पाणी पाटात?”

केरबानं कपबशी खाली ठेवली. “ह्येच सांगितलं की वो.”

“बैलं इकलासा?”

“न्हाय अजून. येत्या बाजारात इकणार.”

“इकू नगासा.”

तेव्हा कुठं दुकानाचे मालक सयाजीराव गल्ल्यावरून उठले. तिला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दार लोटलं. हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुमच्या विहिरीजोगं मोठं इंजन उद्या सकाळी पोचवतो. मिस्त्री जोडून देईल. वर एक पैसा घेत नाही. फक्त बाहेर जाऊन त्या पाहुण्यांना सांगा, माझीच समजूत चुकली होती.”

माथ्यावरच्या पट्टीतला ऊस तिच्या डोळ्यांसमोर आला, दुपारी सुरळी झालेली त्याची पानं आली. चार शब्द बोलायचे आणि उद्या पाटाला पाणी. शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

“त्येंची बैलं अजून दावणीला हायती,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हंजे न्हाय म्हणते मी.”

बाहेर येऊन तिनं सांगितलं, “दिलदार, उतरव इंजन.” केरबानं पटका सावरला आणि हात लावला. आणखी दोघं-तिघं आले. इंजन दुकानाच्या उंबऱ्यात धप्पकन बसलं.

“मावशी, हितं कुटं ठेवतासा?” बाळासो कळवळला. “वाट आडली की!”

“माझीबी आडलीया,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

मालकानं पैसे परत केले, पण दिवाळीनंतर, तेही तुकड्यातुकड्यानं. तोवर ऊस थांबणार नव्हता. दिलदारनं रोज सकाळपुरती आपली बैलं तिला दिली. तिनं तडकलेली मोट तेल पाजून शिवून घेतली. गाडीच्या बैलांना मोट परत विहिरीत सोडताना पाठमोरं चालणं ठाऊक नव्हतं. ती कासरा धरून त्यांच्याबरोबर मागं मागं चाले. खालच्या दोन पट्ट्या त्या पाण्यावर जगल्या. माथ्यावरची गेली.

ती पट्टी तिनं स्वतःच कोयता घेऊन तोडली, जनावरांच्या वैरणीला. बांधावरून जाणारं कुणी विचारी, “बायडाक्का, कोवळाच काढलासा?”

ती वर बघत नसे. कोयता चालूच असे.

“व्हय,” ती म्हणे, “काढला.”