गिटारीवरचा शिक्का

१९५४ साली मी जंगलाच्या एका नाक्यावर चौकीदार होतो. सागाचं लाकूड नाक्याबाहेर न्यायचं तर त्यावर सरकारी शिक्का लागे. शिक्का म्हणजे लोखंडी हातोडा, तोंडावर अक्षरं कोरलेली. घाव घातला की ती लाकडात उमटत. ती कोणती अक्षरं, हे मला ठाऊक नव्हतं. घाव मात्र नेमका पडे.

एका सोमवारी नाक्याचे साहेब, लिहिता-वाचता येणारे नाकेदार, आलापल्लीला गेले होते. दुपारी इसरू आला. आमच्या भागात गिटार वाजवणारा तो एकटाच. बल्लारशाला रेल्वेच्या एका गोऱ्या गार्डाकडे तो स्वयंपाकी होता. साहेब देश सोडून गेला तेव्हा गिटार याला देऊन गेला. लग्नांत, दंडारीच्या नाचगाण्यांत, आठवडी बाजारात वाजवून इसरू पोट भरी.

"कुठी जाऊन राह्यला?" मी विचारलं.

"बल्लारशाले, मनसारामभाऊ. बँडवाला कायमचं ठेवतो म्हणते. उद्या सकाळी वाजवून दाखवाचं हाये. नाई पोहोचलो तं दुसऱ्याले घेते."

"मंग लग्नात आमाले कोण नाचवन?"

"तुमी तं बिनवाज्याचेच नाचता."

मी हसलो आणि गिटार उलटी केली. पाठ सागाची होती, ताजी रंधलेली.

"हे काय?"

"ओलीनं पाठ उकलली होती. शाळेतल्या गुरुजीच्या मोडक्या पलंगाची फळी लावली. सरकारी नाई. चिठ्ठी देल्ली ना त्यायनं, पाह्य."

चिठ्ठी मी उलटी धरली की सुलटी, कोण जाणे.

"वाच ना बे, काय लिवलं?"

"मले वाचता आलं असतं तं गावोगाव तारा छेडत फिरलो असतो काऊन?"

नाकेदार संध्याकाळी येणार होते. तोवर इसरूला थांबवलं तर त्याची बल्लारशाची शेवटची मोटर चुकत होती. तसंच सोडलं तर पुढच्या नाक्यावर गिटार जप्त होईल, माझी नोकरीही जाईल. शिक्का मारून द्यावा म्हणजे कोणी अडवणार नाही, असं मला वाटलं. मी त्याचं भलंच करत होतो.

"हळू मार, भाऊ," इसरू म्हणाला. लेकराला सुई टोचताना धरतात, तशी त्यानं गिटार धरली.

हळू मारला. उमटला नाही. म्हणून दुसरा मारला.

आत काहीतरी कडकन मोडलं. पाठ खचली, कडेचा जोड उघडला, तारा सैल पडल्या. शिक्का स्वच्छ उमटला होता.

 मोटर आली आणि इसरूला न घेता गेली. चिठ्ठी माझ्याच हातात राहिली.

पुढे तो जंगलतोडीच्या कामाला लागला. कुऱ्हाडीनं त्याची बोटं जाड झाली. लाकडाच्या गाडीसोबत नाक्यावर येई. तो ओंडका धरी, मी शिक्का मारी.

चार वर्षांनी गावात मोठ्या माणसांसाठी रात्रीचा वर्ग निघाला. चाळिशी ओलांडल्यावर मी अक्षरं शिकलो. ती चिठ्ठी काढली आणि इसरूच्या घरी गेलो.

तो कुऱ्हाडीला धार लावत होता. मला पाणी द्यायला त्यानं मडक्यावरचं झाकण काढलं. ती गिटारीच्या पाठीची सागाची फळी होती. तिच्यावरचा शिक्का आता मला वाचता येत होता.

मी चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "गिटारीची पाठ माझ्या जुन्या पलंगाची आहे. लाकूड सरकारी नाही. जाऊ द्यावे."

इसरू पुन्हा धार लावायला बसला.

"हेच तं मी तुले त्या दिवशी तोंडानं सांगतलं होतं, भाऊ," तो म्हणाला.