मीठ तुझं

"बाई, मधे उभ्या राहा," मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला. "अशा कडेला काय उभ्या राहताय? टेबल अर्धं रिकामं दिसतंय."

धाकटी मधे सरकली खरी, पण पाय ऐकेनात. इतकी वर्षं ती या टेबलाच्या डाव्या कडेलाच उभी राहत आली होती. भांड्यांच्या या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर एक हॉल होता. आठवड्यातून एकदा तिथे स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक व्हायचं आणि ते बघून बायका खाली जाऊन पातेली विकत घ्यायच्या. प्रात्यक्षिक दोघी बहिणींचं. थोरली उजवीकडे उभी राहून रांधायची आणि धाकटी डावीकडून बोलायची. थोरलीला चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नसे आणि धाकटीला साधा कांदा धड चिरता येत नसे. देवाने एकाच बाईचे दोन तुकडे करून पाठवले होते म्हणा ना.

मात्र मीठ धाकटीच घालायची. मागे एका तापात थोरलीच्या जिभेची चव गेली ती परत आलीच नाही. ती रंगावर, वासावर, आवाजावर रांधायची. पण मिठाला ना रंग, ना वास. म्हणून मिठाची बरणी कायम डाव्या कडेला. पदार्थ झाला की थोरली पळी पुढे करून हळूच म्हणायची, "मीठ तुझं." धाकटी चव घ्यायची, मीठ घालायची. मग थोरली पातेल्याच्या काठावर पळी आपटायची, टक टक. म्हणजे झालं, वाढा. कार्यक्रम संपला.

थोरलीला जाऊन दोन महिने झाले होते. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने वाट पाहिली, भेटायलाही येऊन गेला. पण आज सकाळी त्याने स्पष्ट सांगितलं, "आज लोक शेवटपर्यंत बसले तर ठीक. नाहीतर पुढच्या वेळेपासून आपण पडद्यावर फिल्म लावू. माझाही नाइलाज आहे."

धाकटीने तयारी केली नव्हती असं नाही. सगळा आठवडा तिने घरी लाल भोपळ्याचं सूप केलं. एकदा कांदा जळला, एकदा दूध फाटलं. नवरा बिचारा मुकाट्याने प्यायचा. शेवटी त्यालाही राहवलं नाही. "तुझं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात," तो म्हणाला. "आता सूपही बोलाचंच पाज, निदान जिभेला चटका बसणार नाही." दोघंही खूप हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

हॉल भरला. टेबलाच्या वर मोठा आरसा तिरका टांगलेला होता. खुर्च्यांवर बसलेल्यांना पातेल्यात काय चाललंय ते त्यात दिसावं म्हणून तो होता. टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यात काही दिसत नसे.

धाकटीने नमस्कार केला आणि कांदा हातात घेतला. सुरी निसटली. एक फोड अंगठ्याएवढी जाड झाली, दुसरी खाली पडली. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. दोन बायका पिशव्या सावरत उठल्या. मॅनेजरने दाराशी उभ्या उभ्या घड्याळ पाहिलं. धाकटीने सुरी खाली ठेवली आणि घाबरलेलं माणूस आपल्या जागेकडे धावतं तशी ती डाव्या कडेला सरकली.

तिथे उभं राहिल्यावर तोंड आपोआप सुरू झालं. "कांदा चिरताना रडू येतं असं म्हणतात. आमच्या सासूबाई मात्र मला आधी रडवायच्या, मग कांदा द्यायच्या. म्हणजे रडण्याचं काम एकदाच!"

हॉल हसला. उठलेल्या बायका पुन्हा बसल्या. हा किस्सा तिने शेकडो वेळा सांगितला होता. एक कांदा बारीक चिरून होईल एवढाच तो लांब होता. मधे कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं थोरलीच्या हाताच्या चालीवर बेतलेलं होतं. सवयीप्रमाणे ती थांबली. त्या शांततेत उजवीकडून फळीवर सुरीचा आवाज आला, बारीक आणि सारखा.

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. मान वळत होती, पण तिने वळू दिली नाही. थोरलीचा नियमच होता: "बोलताना माझ्या हातांकडे बघायचं नाही. तू बघितलंस की लोकांना वाटतं काहीतरी चुकतंय." इतक्या वर्षांत धाकटीने तो कधी मोडला नव्हता.

ती बोलत राहिली, लोकांच्या नजरा तिच्या तोंडावरच खिळल्या होत्या. तेल तडतडलं. भोपळ्याच्या फोडी पातेल्यात पडल्याचा आवाज झाला. झाकण बसलं.

पुढच्या रांगेत जाड चष्म्याच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "अहो बाई, तुमच्या त्या दुसऱ्या बाईंना म्हणावं, हात जरा बाजूला घ्या. आरशात पातेलं झाकलं जातंय."

धाकटीने किस्सा मधेच सोडून आजींकडे पाहिलं.

"आजी, दुसरं कोण आहे तिथे? चष्मा पुसा जरा," मॅनेजर दारातून हसत म्हणाला. तो उभा होता तिथून आरसा दिसत नव्हता.

आजींनी निमूटपणे चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि वर पाहिलं. "आता नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "मनगटावर भाजल्याचा डाग आहे बघा त्यांच्या. रांधणाऱ्या बाईचा हात लपत नाही."

थोरलीच्या उजव्या मनगटावर तसा डाग होता. लहानपणी धाकटीला चुलीपासून ओढताना तो पडला होता.

तेव्हा मात्र धाकटीने एकदाच, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. उजवीकडे कोणी नव्हतं. फळी स्वच्छ पुसलेली होती आणि तिने चिरलेली ती जाड फोड कडेला वेगळी सारून ठेवली होती. थोरली अगदी असंच करायची. बोलायची नाही, फक्त बाजूला काढून ठेवायची. भीती होतीच, पण ते पाहून धाकटीला इतकी माया दाटून आली की तिने झटकन तोंड समोर वळवलं.

मग ती बोलतच सुटली. जुने किस्से संपले तेव्हा नवे रचले, नवऱ्याला दूध फाटलेलं सूप पाजल्याचंही सांगून टाकलं. लोक पोट धरून हसत होते. तिला आता लोकांची फिकीर नव्हती. आपण बोलायचं थांबलो तर उजवीकडचं कामही थांबेल, एवढंच तिला वाटत होतं. पण सूप काही बोलण्यासाठी थांबत नाही. उजवीकडे गॅसचं बटण फिरलं. दूध ओतल्याचा आवाज आला. शिजलेल्या भोपळ्याचा गोडसर वास हॉलभर पसरला.

"व्वा!" मॅनेजर खूश होऊन पुढे आला. एकही खुर्ची रिकामी झाली नव्हती. घाईघाईने त्याने एक कप भरला आणि आजींच्या हातात दिला.

आजींनी घोट घेतला. जिभेवर घोळवला. "रंग छान, दाटपणा छान," त्या म्हणाल्या. "दूधही फाटलेलं नाही. पण बाई, मीठ कुठाय?"

धाकटीने समोर पाहिलं. बरणी डाव्या कडेला तशीच होती, झाकणसुद्धा न काढलेली. सुपात सगळं काही पडलं होतं. पडलं नव्हतं ते फक्त तिच्या वाट्याचं.

कानाशी कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. धाकटीने झाकण काढलं आणि तिचा हात थबकला. मीठ घातलं की टक टक, आणि टक टक झालं की कार्यक्रम संपला. तिला तो संपायला नको होता. पण आजी कप धरून बसल्या होत्या, सगळा हॉल बघत होता आणि अळणी सूप पुढे करणं थोरलीला कधीच चाललं नसतं. धाकटीने चव घेतली, मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चव घेतली.

"झालं, ताई," ती अगदी हळू म्हणाली आणि वाट पाहू लागली.

हॉल शांत होता. पळी पातेल्यात तशीच उभी राहिली.

आजींनी मान वर करून आरशात पाहिलं, थोडा वेळ शोधलं. "गेल्या वाटतं त्या," त्या म्हणाल्या.

"हो," धाकटी म्हणाली. तिने डोळे पुसले, डाव्या कडेवरून मिठाची बरणी उचलली आणि टेबलाच्या मधोमध आणून ठेवली. मग स्वतः बरणीमागे जाऊन उभी राहिली, पळी हातात घेतली आणि पातेल्याच्या काठावर आपटली. टक टक.