हत्तीनचं पाणी

दर एप्रिलमध्ये अण्णा नल्लकुंट्यातल्या घराच्या गच्चीवर शिकवणीच्या मुलांना जेरुसलेमचं भवितव्य ठरवणारी हत्तीन इथली लढाई शिकवत. धडा संपेपर्यंत कुणालाच पाणी मिळत नसे, अण्णांनाही नाही. यंदा अण्णा नव्हते. त्यांच्याशिवाय हा धडा निर्जीव होईल, ही धास्ती मनात घेऊनच त्यांची लेक केतकी मुलांसमोर उभी राहिली.

सुलतान सलाहुद्दीनने पाण्याच्या वाटा अडवल्या, वाळलं गवत पेटवलं. धुराने घसे कोरडे पडलेल्या ख्रिस्ती फौजेला खाली तळं दिसत होतं, पण तिथवर पोहोचता येत नव्हतं. एवढं सांगून ती थांबली. सगळी मुलं कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होती. आठशे वर्षांपूर्वीची तहान गच्चीवर येऊन बसली होती.

"त्या फौजेचा राजा पकडला गेला," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि सलाहुद्दीनने त्याला बर्फाचं पाणी दिलं."

तिने माठावरचं झाकण काढलं आणि एकेकाला पेला भरून दिला. नुझहतने मात्र तो लगेच तोंडाला लावला नाही.

"मॅडम, सर सबसे आखिर में पीते थे बोलके भाई बोले. आप?"

"मैं भी."

शेवटचा पेला केतकीने दोन्ही हातांनी धरला. अण्णा गेल्यापासून आज पहिल्यांदाच तिला तहान लागली होती.