पिवळा ठिपका

वर्तकनगरात उत्तमरावांची खानावळ चालते, आणि चालते म्हणजे इतकी, की रविवारी दुपारी दारात रांग लागते. अलीकडे मात्र रांगेतले लोक घड्याळ बघत समोरच्या पंजाबी हॉटेलात शिरू लागले होते. उत्तमरावांच्या मते दोष महेंद्रचा. महेंद्र त्यांचा सगळ्यात जुना वाढपी. गुडघे धरल्यापासून जरा सावकाश चालायचा. त्याला कमी करायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. ते काम कॉम्प्युटरने परस्पर केलं तर बरं, म्हणून त्यांनी सुनेला गळ घातली.

सून सोनल नोकरीत कारखान्यांसाठी काम कुठे अडतं ते दाखवणारी कॉम्प्युटर मॉडेलं बनवायची. दोन रविवार कोपऱ्यात बसून कोण कुठे जातं, किती रेंगाळतं ते तिने बघितलं आणि लॅपटॉपवर अख्खी खानावळ उभी केली. गिऱ्हाइकं म्हणजे निळे ठिपके, वाढपी हिरवे. एक पिवळा ठिपका मात्र प्रत्येक टेबलाला डिंकासारखा चिकटत होता. तो चिकटला की टेबल रिकामं होईना, आणि दाराबाहेर निळ्यांचं शेपूट वाढत जाई.

"बघितलंस? मी म्हणत नव्हतो?" उत्तमराव म्हणाले. "काढ त्याला."

सोनलने काढला. शेपूट विरघळलं.

"झालं तर. आता महेंद्रला तूच सांग."

"बाबा, महेंद्र हिरव्यांत आहे." सोनल स्क्रीनकडेच बघत राहिली. "पिवळे तुम्ही."

उत्तमरावांनी चष्मा पुसला. उठू पाहणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, आमच्या मोदकाला नाही म्हणता का विचारायचं, मग गाव कुठलं, राजापूर का, म्हणजे अमक्यांना ओळखत असाल... याला ते आजवर धंदा समजत होते.

पुढच्या रविवारी ते निमूट गल्ल्यावर बसले. रांग भराभर सरकली. समोर कुणी गेलं नाही. त्यांची चौकशीही कुणी केली नाही, हे त्यांना जरा जास्तच लागलं.

गर्दी ओसरायच्या आतच महेंद्र त्यांचं ताट गल्ल्यावर घेऊन आला. चार घास खाऊन उत्तमराव हात आवरू लागले, तसा खांद्यावर हात पडला.

"शेठ, मोदक राहिला."

"अरे, पुरे."

"नाही म्हणायचं नाही. एकच." आणि त्याने दोन वाढले.

बिलं हातात धरलेली माणसं गल्ल्यापाशी साचू लागली होती. उत्तमरावांनी चोरून कोपऱ्यात बसलेल्या सुनेकडे बघितलं. सोनल उठली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून पैसे घेऊ लागली.

"तूप कुठंय रे?" उत्तमरावांनी विचारलं.

महेंद्र तूप आणायला गेला. सावकाश.