कुट्टी मशीन

तुलारामच्या अंगणात जनावरांसाठी भाताचं तणीस कापायची कोरी करकरीत कुट्टी मशीन उभी होती, आणि घरात जनावर म्हणाल तर एक मांजर.

मशीन पाठवली होती चंद्रकुमार सेठनं. मोहाडीजवळच्या त्याच्या राइस मिलमध्ये तुलारामनं बावीस वर्षं काढली. तिथला मोठा पट्टा घसरू लागला की मिल बंद न करता, चालत्या पट्ट्यावरच मुठीनं चिकट राळ लावायची, हे तुलारामचं कसब. मिल थांबली की सेठचं तोंड सुटायचं ना! शहाणा माणूस वाघाच्या तोंडात हात घालत नाही. आमचा तुलाराम रोज घालायचा, वर मिशीला पीळ द्यायचा. दोन महिन्यांपूर्वी पट्ट्यानं सदऱ्याची बाही ओढली आणि उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात सेठ त्याच्या पायथ्याशी बसून रडला. खरंच रडला, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसून हळूच म्हणाला, "तुलाराम, हात घरी कुट्टी मशीनमधी गेला म्हण. नाई त मिलले कुलूप लागते, पंधरा घरच्या चुली बंद होतीन. तुले मी दारावर बसवतो."

तुलारामला मिलमधून मिळणारी कनकी आठवली. तांदळाच्या त्या तुकड्यांवरच त्याची लेक वाढली होती. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच त्या भोळ्याला कळत होतं. त्यानं डॉक्टरला तेच सांगितलं. दारावरची जागा काही अजून रिकामी झाली नव्हती.

आज भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयातले साहेब चौकशीला येणार होते. सकाळपासून त्याची बायको धुरपता मागं लागली होती. तुलारामच्या जागी, त्याच पट्ट्यावर, आता तिचा भाऊ अमर उभा राहत होता. दोन लेकींचा बाप.

"खरं सांगा जी," ती म्हणाली. "पट्ट्याले जाळी त बसन."

"तू मंधात बोलशीन त माही शपथ हाय तुले," तुलाराम म्हणाला.

साहेब आले. मशीनभोवती एक फेरी मारली. पात्याला कंपनीचा कागद तसाच चिकटलेला होता.

"याच मशीनवर?"

"हो साहेब."

"जनावरं कुठं आहेत?"

"इकले."

"आणि गोठा?"

तुलाराम मांजराकडे बघू लागला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगितलंत तर भरपाईची केस उभी राहील. त्या पट्ट्याचंही काहीतरी करता येईल. बघा."

धुरपतानं पदर तोंडात धरला.

"याच मशीनवर गेला साहेब," तुलाराम म्हणाला. आजवर उजव्या हातानं ऐटीत सही करणाऱ्या त्या माणसानं कागदावर डावा अंगठा उमटवला.

संध्याकाळी अमर मिलमधून थेट इकडे आला. हात पुढे करून हसत म्हणाला, "पट्टा लय घसरून राहिला होता भाऊजी. पण मिल नाई बंद केली. तुमीच शिकवलं तशी राळ लावली!"

त्याचे तळवे पिवळे, चिकट झाले होते. तुलाराम उठला. त्यानं तेलाचा बोळा घेतला आणि अमरचा तळवा पुसायला गेला. पण धरायला एक हात लागतो, पुसायला दुसरा. बोळा घेतला की मनगट सुटे, मनगट धरलं की बोळा पडे. शेवटी त्यानं बोळा टाकला आणि ते मनगट छातीशी घट्ट धरलं. इतक्या दिवसांत न रडलेला माणूस हमसून हमसून रडू लागला.

"उद्या कामावर नको जाऊ बापा," तो म्हणाला. "मी पाप केलो."

अमरला काहीच कळेना. धुरपतानं खाली पडलेला बोळा उचलला.

"भंडाऱ्याची पहिली गाडी कितीले हाय?" तुलारामनं तिला विचारलं.

"सातले."

"अंगठा त देऊन बसलो. आता आयकतीन काय साहेब?"

"आयको का नाई आयको, आपन सांगू," धुरपता म्हणाली, आणि भावाचा तळवा पुसू लागली. तुलारामनं मनगट सोडलं नाही.