चावीत बसलेलं भूत

मासीनाच्या गाडीत शिरलेलं भूत खरं होतं, याबद्दल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात एकाही माणसाला शंका नव्हती. पाद्रीबुवांनाही नव्हती. भुताने आपलं नाव गाडीच्या स्टिअरिंगमागच्या काचेवर चमकत्या अक्षरांत स्वतः लिहून दाखवलं होतं. ते कुणाला वाचता येत नव्हतं, एवढंच.

शनिवारी सकाळी नीरफणसाच्या झाडाखाली अर्धं गाव जमलं होतं. मधोमध मासीनाची जपानहून आलेली जुनी करडी गाडी. मागच्या सीटवर तिची आई. आईचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते आणि प्रत्येक श्वास ती जड बादलीसारखा वर ओढत होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तिचे डायलिसिसचे वार. गुरुवार चुकला होता, कारण गाडी सुरू करून देणारा मांत्रिक सोलोफा बोटीने पलीकडच्या बेटावर मयताला गेला होता आणि चावी त्याच्या गळ्यात होती.

"दुपारच्या आत आणा," नर्स फोनवर म्हणाली होती. "छातीत पाणी चढतंय."

हे सगळं तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं. आईला अपियाच्या दवाखान्यातून आणताना मासीनाला उशीर झाला आणि शेजारच्या गावात टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर सांजेच्या प्रार्थनेचे टोले पडले. त्या घटकेला माणूस असेल तिथे बसतो, गाडी असेल तिथे थांबते. मागे आई उलट्या करत होती. मासीना थांबली नाही. दुसऱ्याच सकाळी गाडीचं दार उघडेना. चावीच्या आत दडलेल्या लोखंडी किल्लीने उघडलं, तर बटण दाबूनही इंजिन मुकं. मेकॅनिकने बॉनेट उघडून गाडीची बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती. मग राहिलं काय? भूत.

तेव्हापासून वारच्या वारी सोलोफा यायचा आणि परतताना गाडी सुरू करायला दवाखान्यापर्यंत सोबतही जायचा. चावी लाल पानांत गुंडाळायचा, खोबरेल चोळायचा, मंत्र पुटपुटायचा, आणि गाडी सुरू! गाव तोंडात बोट घालायचं. दर आठवड्याला तो मोबदला म्हणून एक बारीक विणीची चटई घेऊन जायचा; तिथे मयताला अशाच चटया वाटायची रीत आहे.

"माझ्या मयतासाठी ठेवलेल्या चटया आहेत त्या," आई म्हणाली होती. "अशाच संपल्या तर मला मरताही यायचं नाही."

आज सोलोफाने चावी गळ्यातून काढलीच नाही. डोळे अर्धे मिटून तो म्हणाला, "भूत आता गाडीत नाही. गाडीतून आईच्या रक्तात उतरलंय. ते यंत्र रक्त बाहेर काढतं, तेवढी जागा भुताला मोकळी होते. दहा दिवस दवाखाना नको. आणि ती आजीची मोठी चटई लागेल."

"काका, दहा दिवस ती काढणार नाही हो!" मासीनाचा आवाज फाटला. "पाया पडते. एवढी वेळ सुरू करून द्या."

सोलोफाने गळ्यातली चावी मुठीत धरली. मासीना गर्दीकडे वळली. "कुणीतरी तुमची गाडी द्या!"

लोक आपापल्या पायांकडे बघू लागले. भूत आपल्या गाडीत चढलं तर? तिची सख्खी शेजारीण हळूच म्हणाली, "पोरी, राग मानू नकोस, पण आमची गाडी नवी आहे."

तेवढ्यात गर्दीतून लंगडत तिचा मावसभाऊ फालानिको पुढे आला. आठ वर्षं जपानमधल्या एका कारखान्याच्या संघाकडून तो रग्बी खेळला होता आणि कालच्याच विमानाने परतला होता. मासीनाने पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं, आणि मावशीच्या पाठीशी उशी सरकवताना त्याची नजर समोर उमटलेल्या अक्षरांवर गेली.

"हे काय गं?"

"भुताचं नाव," मासीना म्हणाली. "बटण दाबलं की उमटतं."

"ते वाचायचं नसतं," सोलोफा गरजला. "ते भोगायचं असतं!"

"मी वाचून बघतो, काका. गुडघा जपानात ठेवून आलोय, पण अक्षरं घेऊन आलोय." फालानिकोने ओळीवरून बोट फिरवलं. "'चावी सापडत नाही. ब्रेक दाबून चावी बटणाला टेकवावी, ही विनंती.'"

मागून कुणीतरी म्हणालं, "भूत भलतंच सभ्य आहे की!"

"मासीना, याच्या आधी दुसरं काही उमटायचं?"

"महिनाभर एक लहानसं चावीचं चित्र यायचं. मला वाटलं, शोभेचं आहे."

"चावीतली बॅटरी संपत आल्याचं ते सांगत होतं. ती संपली की गाडीला लांबून चावी ओळखता येत नाही. पण चावीत एक बारीकशी खूण असते, तिला बॅटरी लागत नाही. अगदी बटणाला लावली की गाडी ओळखते. आता आठव. काका पान फिरवतात, तेल लावतात, मंत्र म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी?"

मासीना सावकाश म्हणाली, "चावी बटणाला टेकवतात."

"काका, तुम्ही विमानतळाजवळ भाड्याच्या गाड्या धुवायचात ना? हा मंत्र तिथलाच वाटतं?"

सोलोफाचा हात गळ्याकडे गेला. पण फालानिकोचा त्याआधी पोचला होता. त्याने चावी मासीनाच्या तळहातावर ठेवली.

"पण दादा, मी प्रार्थनेच्या वेळी थांबले नव्हते."

"मग त्या गावच्या पंचांपुढे जा, माफी माग, सांगतील तो दंड भर. ते माणसांचं माणसांत. बॅटरीला टोले ऐकू येत नाहीत!"

मागून आईचा घरघरता आवाज आला. "तुमचं ठरलं असेल, तर निघायचं का?"

मासीनाने ब्रेक दाबला, चावी टेकवली, बटण दाबलं. ना पान, ना तेल. इंजिन सुरू झालं. गर्दी मागे सरली आणि डोंगराकडचा रस्ता मोकळा झाला.

आईला यंत्राला जोडलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. "संध्याकाळपर्यंत सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "गुरुवार का चुकवलात?" त्यांच्या कागदावर भुतासाठी रकाना नव्हता.

भुतं असतात की नसतात, यावर सावलीत बसून खुशाल वाद घाला. पण घरातलं माणूस गुदमरत असेल, तर आधी झाकण उघडून आत बघा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. आणि दवाखान्याचा वार मंत्र म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.

संध्याकाळी आईने डोळे उघडून पाणी मागितलं. घोटभरच मिळालं. मासीना बाहेर येऊन गाडीपाशी बसली. फालानिकोने चावीच्या फटीत खिशातलं एक नाणं घालून पिळलं. चावीचे दोन तुकडे झाले आणि आतून नखाएवढी गोल बॅटरी निघाली. मासीनाने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग तिने आईच्या पिशवीतून तिचं रोजचं वजन बघायचा लहान वजनकाटा काढला, उलटा केला आणि त्याचं झाकण सरकवलं. आत तीच बॅटरी होती. तोच आकार, तोच नंबर.

गेल्या महिन्यात ती तिनेच बदलली होती.